शेवटच्या बाकावरून

दोन पिझ्झे आहेत, जाडी सारखीच. लहानाचा व्यास ३० सेंटीमीटर, किंमत ३० झेड. मोठ्याचा व्यास ४० सेंटीमीटर, किंमत ४० झेड. कोणता घेणं जास्त परवडेल? कारण सांगा.

हा 'पिसा'च्या जुन्या, जाहीर झालेल्या नमुना प्रश्नांपैकी एक. पॅरिसच्या ओईसीडी या संघटनेतर्फे २००० सालापासून पंधरा वर्षांच्या मुलांची जी आंतरराष्ट्रीय चाचणी होते, ती पिसा. वाचन, गणित आणि विज्ञान हे तिचे मुख्य विषय. प्रत्येक फेरीनंतर देशांची उतरंड छापून येते आणि कोणत्या देशाचं शिक्षण चांगलं, कोणाचं वाईट, याचा निकाल जग त्या उतरंडीवरून लावून टाकतं. प्रश्नातलं 'झेड' हे चलन कुठल्याच देशात चालत नाही. परीक्षकांनी ते मुद्दाम बनवलं, कारण डॉलर लिहिला असता तर काही मुलांना तो घरचा वाटला असता आणि काहींना परका. चलनाची एवढी काळजी घेतली, पिझ्झा मात्र तसाच राहिला.

हिमाचलच्या डोंगरातल्या मुलाने पिझ्झा कुठे पाहिला असेल, असं कुणी विचारलं तर विचारणं रास्त आहे. म्हणून मी पिझ्झा काढते आणि भाकरी घालते. पंधरा सेंटीमीटरची भाकरी १५ रुपयांना, वीस सेंटीमीटरची २० रुपयांना, दोन्ही सारख्याच जाड. कोणती परवडते? मोठीला पीठ लागलं पावणेदोन पटीहून जरा जास्त आणि पैसे पडले सव्वा पटीहून जरा जास्त. मोठीच परवडते. पिझ्झा गेला, भाकरी आली, गणित जागचं हललं नाही.

आपल्या मुलांना वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र पाठ असतं. 'क्षेत्रफळ काढा' असं प्रश्नात लिहिलेलं असलं की ते काढतातही. पण इथे क्षेत्रफळ हा शब्दच नाही. तो मुलानेच शोधायचा आहे. आपल्या वर्गांमध्ये हे शोधणं शिकवलं जात नाही, कारण आपल्या परीक्षा ते विचारत नाहीत. या प्रश्नाचं हे खरं दुखणं आहे आणि ते पिझ्झ्याच्या मागे लपवता येणार नाही.

हे सगळं आज उकरण्याचं कारण म्हणजे आपल्याकडे या विषयावर दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, परदेशी मोजपट्टी, तिला काय कळतं आपलं. दुसरा म्हणतो, बघा फिनलंड, बघा सिंगापूर, आपण कुठे आहोत बघा. पहिल्याला चाचणी नको आहे आणि दुसऱ्याला फक्त नंबर हवा आहे. मुलांच्या उत्तरपत्रिकेत नेमकं काय दिसलं हे दोघांनीही वाचलेलं नसतं.

आपण ही परीक्षा एकदाच दिली. 'पिसा २००९ प्लस' या वाढीव फेरीत, २०१० साली, तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश या दोन राज्यांतली मुलं बसली. ही निवडही वाईट नव्हती. शाळांच्या बाबतीत देशात दोन्ही राज्यांचं नाव चांगलं होतं. डिसेंबर २०११ मध्ये निकाल लागला. वाचनात तमिळनाडूचे ३३७ गुण, हिमाचलचे ३१७. गणितात ३५१ आणि ३३८. विज्ञानात ३४८ आणि ३२५. मोजपट्टी अशी, की विकसित देशांची सरासरी ५०० च्या आसपास पडावी. त्याच फेरीत पहिल्या आलेल्या शांघायचे गणितात ६०० गुण होते. एकूण ७४ सहभागींमध्ये आपली दोन्ही राज्यं तळाशी, किरगिझस्तानच्या जरा वर. विज्ञानात तर हिमाचल किरगिझस्तानच्याही खाली.

वर्तमानपत्रांनी ७२ आणि ७३ हे आकडे छापले. त्याहून वाईट आकडा आतल्या पानांत होता. वाचनाची एक किमान पायरी पिसा धरते: एवढं वाचता आलं तर माणूस पुढे आयुष्यात अर्ज, सूचना, बातमी, करारनामा यांतून आपलं काम काढून घेऊ शकेल. त्या पायरीवर किंवा तिच्या वर हिमाचलमधली शंभरातली ११ मुलं होती आणि तमिळनाडूतली १७. ओईसीडीच्या देशांत हे प्रमाण सरासरी ८१ होतं.

मग आपण काय केलं? प्रश्न आणि भारतीय मुलं यांच्यात सामाजिक-सांस्कृतिक दरी आहे, असं कारण पुढे केलं आणि २०१२ च्या फेरीला बसलो नाही. २०१५ ला नाही, २०१८ ला नाही, २०२२ लाही नाही.

मला याचा राग येतो. शेवटच्या बाकावर बसवलं म्हणून नाही. उत्तरपत्रिका परत मिळाली होती आणि ती आपण वाचली नाही, म्हणून.

आता पहिल्या बाकाकडे वळते, कारण आंतरराष्ट्रीय क्रमवारी न्याय करते का, याचं उत्तर तिथे जास्त स्पष्ट दिसतं. ती करत नाही, आणि का करत नाही हे शांघायकडून शिकावं.

२००९ आणि २०१२ अशा दोन्ही फेऱ्यांत शांघाय तिन्ही विषयांत जगात पहिलं आलं. बातम्यांमध्ये 'चीन पहिला' असं झालं. खरं तर ते एक शहर होतं, चीनमधल्या सगळ्यात श्रीमंत शहरांपैकी एक. आणि त्या शहरातलीही सगळी मुलं त्यात नव्हती. चीनमध्ये 'हुकौ' नावाची कुटुंबनोंदणीची पद्धत आहे. माणूस शहरात वीस वर्षं राबला तरी नोंद गावाची असली तर त्याची मुलं गावचीच धरली जातात. शांघायच्या इमारती बांधणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या, गिरण्यांत राबणाऱ्या माणसांची मुलं तिथल्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत शिकत, पण पुढच्या उच्च माध्यमिक शाळेचं दार त्यांच्यासाठी फारसं उघडत नसे. त्यामुळे चौदा-पंधराव्या वर्षाच्या सुमारास कितीतरी मुलं गावी परत जात. पिसा कितव्या वर्षी घेतात? पंधराव्या. ब्रूकिंग्ज संस्थेचे अभ्यासक टॉम लव्हलेस यांनी या गोष्टीवर बोट ठेवलं. पंधरा वर्षांच्या मुलांतला चौथाईच्या आसपासचा भाग त्या जाळ्यात आलाच नव्हता, हे पुढे मान्य करावं लागलं.

नंतरच्या दोन फेऱ्या बघा. २०१५ मध्ये शांघायबरोबर बीजिंग, जिआंग्सू आणि ग्वांगडोंग असे चार भाग मिळून बसले. वाचनाचे गुण आले ४९४, नंबर सत्ताविसावा. २०१८ मध्ये ग्वांगडोंग बाहेर गेला आणि त्याच्या जागी झेजियांग आला. वाचनाचे गुण ५५५, तिन्ही विषयांत जगात पहिले. तीन वर्षांत एखाद्या देशाच्या शाळा एवढ्या सुधारत नाहीत. एक प्रांत बदलला की तुलनाच बदलते. उतरंडीत मात्र दोन्ही वेळा 'चीन' एवढंच नाव लोकांनी वाचलं.

व्हिएतनामचंही तसंच. २०१२ आणि २०१५ मध्ये विज्ञानात तो देश आठवा आला, अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या पुढे. पण २०१२ मध्ये तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलांपैकी साधारण ५६ टक्केच या चाचणीच्या कक्षेत होती आणि २०१५ मध्ये जेमतेम ४९ टक्के. पिसाचा नियम असा, की मूल शाळेत असलं पाहिजे आणि सातवी किंवा पुढच्या वर्गात असलं पाहिजे. जे शेतावर गेलं, कारखान्यात गेलं, चौथीतच सुटलं, ते मोजलं जात नाही. म्हणजे गळती जितकी जास्त, तितका उरलेला वर्ग हुशार दिसतो आणि देश वर चढतो. मुलांना शाळेबाहेर पडू देणाऱ्या व्यवस्थेला चांगले गुण देणारी ही मोजणी आहे, आणि एवढा एकच दोष पाहूनही मी उतरंडीतल्या नंबरावर विश्वास ठेवणार नाही. व्हिएतनामच्या बाबतीत एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तिथल्या प्राथमिक शाळा खरोखर चांगल्या आहेत. 'यंग लाइव्हज' या दीर्घ अभ्यासात इथिओपिया, भारत, पेरू आणि व्हिएतनाममधली मुलं वर्षानुवर्षं पाहिली गेली. शाळेतल्या एकेका वर्षात व्हिएतनामी मूल इतरांपेक्षा जास्त शिकतं, असं त्यातून दिसलं. नंबर फुगलेला असला तरी त्याच्या आतली शाळा चांगली असू शकते. नंबर या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवत नाही.

शांघायची ही गोष्ट वाचताना मला बीड आठवतं. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगरच्या गावांतून ऊसतोड मजुरांच्या गाड्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुलं बरोबर जातात. चार-पाच महिने कोपीवर, फडात. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं झाली, काही मुलांची सोय झाली, पुष्कळांची झाली नाही. त्या मुलांची नावं गावच्या शाळेच्या पटावर असतात. उद्या पिसाची चाचणी जानेवारीत त्या गावात आली, तर पटावरचं ते नाव त्या दिवशी गैरहजर. चाचणीच्या हिशोबात गैरहजर मुलांना जागा असते, ठरावीक प्रमाणापर्यंत ते चालतं. अंगावर पाचटाचे ओरखडे घेऊन फडात उभ्या असलेल्या मुलीने काय शिकलं, ते कुणाच्याच सरासरीत येत नाही. आणि ती आली नाही म्हणून आपली सरासरी वर गेली, तर त्या वर गेलेल्या सरासरीचा मला आनंद व्हावा का?

बाकीच्या अडचणी थोडक्यात सांगते. दक्षिण कोरियाचे गुण भरघोस असतात, पण ते शाळेचे किती आणि 'हागवन'चे किती? हागवन म्हणजे आपल्या भाषेत खासगी क्लास. सोलमध्ये क्लासनी रात्री दहानंतर शिकवू नये असा नियम करावा लागला आणि २००९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो योग्य ठरवला. लातूर किंवा कोटा ज्यांनी पाहिलं आहे त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. पिसा मुलाला काय येतं ते मोजते. ते कुणी शिकवलं, त्यासाठी आईबापांनी किती पैसे मोजले आणि मूल किती तास झोपलं, हे नंबरात दिसत नाही. स्पेनचं उदाहरण आणखी वेगळं. २०१८ मध्ये तिथल्या काही प्रांतांत शाळेच्या महत्त्वाच्या परीक्षा आणि पिसा एकाच सुमारास आल्या. पुष्कळ मुलांनी वाचनाचे काही प्रश्न वाचलेच नाहीत, भराभर खुणा करून टाकल्या. ओईसीडीला स्पेनचा वाचनाचा निकाल डिसेंबर २०१९ मध्ये रोखून धरावा लागला. तो पुढच्या वर्षी, सावधगिरीच्या सूचनेसह, बाहेर आला. ज्या चाचणीच्या गुणांवर मुलाचं काहीच अवलंबून नसतं, तिला ते जीव तोडून कशाला बसेल?

आणि मुळात नंबर म्हणून जो छापला जातो, तो खुद्द ओईसीडीही तसा मानत नाही. तिच्या अहवालात देशापुढे एक स्थान नसतं, पट्टा असतो: या स्थानापासून त्या स्थानापर्यंत कुठेही. ही नमुन्यावरची चाचणी आहे, चूकभूल गृहीत धरलेली. शेजारशेजारच्या देशांमधला फरक बऱ्याचदा त्या चूकभुलीपेक्षा लहान असतो. पण पट्टा मथळ्यात बसत नाही. 'अकरावा' बसतो.

भाषेच्या मुद्द्यावर मात्र मला थांबायचं आहे, कारण 'सामाजिक-सांस्कृतिक दरी' म्हणणाऱ्यांचं तिथे निम्मं बरोबर आहे. हिमाचलमध्ये मूल घरी पहाडी बोलतं आणि चाचणी शाळेच्या भाषेत होते. आपल्याकडे मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारला भिली आणि पावरी बोलणारी मुलं प्रमाण मराठीतल्या पुस्तकापुढे पहिल्या दिवशी बसतात. घरात 'नाय' म्हणणाऱ्या मुलाला 'नाही' लिहायला लावणं ही गोष्ट लहान आहे. घरातल्या सगळ्या भाषेलाच शाळेत जागा नसणं ही फार मोठी आहे. ही दरी खरी आहे. पण ती पॅरिसहून आलेल्या प्रश्नपत्रिकेने खणलेली नाही. ती आपल्या पाठ्यपुस्तकांत, आपल्या शिक्षकभरतीत, आपल्या वर्गात रोज असते. पिसाच्या दिवशी ती एकदा मोजली गेली, एवढंच. दरी आहे म्हणून चाचणी सोडून देणाऱ्यांनी त्या दरीवर पूल बांधायला घेतला असता, तर मी त्यांच्या बाजूने उभी राहिले असते.

ज्यांनी चाचणी सोडली नाही, त्यांचं पुढे काय झालं? डिसेंबर २००१ मध्ये पहिल्या फेरीचा निकाल लागला तेव्हा जर्मनीचे वाचनातले गुण ४८४ होते, सरासरीच्या खाली. कांट आणि गटे यांच्या देशाला हे झोंबलं. नंबरावर खूप भांडण झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण भांडताना त्यांनी आतलं पान उघडलं. मुलाच्या घरच्या परिस्थितीचा त्याच्या वाचनाशी जेवढा घट्ट संबंध जर्मनीत दिसला, तेवढा फार थोड्या देशांत होता. बहुतेक राज्यांत वयाच्या दहाव्या वर्षी मुलांना वेगवेगळ्या दर्जाच्या शाळांमध्ये वाटून टाकायचं आणि त्यात गरिबांची, स्थलांतरितांची मुलं खालच्या वाटेवर जायची. त्यानंतर त्यांनी देशभरासाठी शैक्षणिक मानकं ठरवली आणि दिवसभराच्या शाळा उभारण्यासाठी केंद्राने चार अब्ज युरो दिले. पुढच्या फेऱ्यांमध्ये गुण वाढले. २०२२ मध्ये ते पुन्हा पडले, आणि पुन्हा चर्चा सुरू झाली. जर्मनीचं सगळं ठीक झालं असं मी म्हणत नाही. पण निकाल झोंबला, तरी त्यांनी तो हातातून खाली ठेवला नाही.

श्रीमंत देशाचं उदाहरण पटत नसेल तर पेरू घ्या. पहिल्या फेरीत पेरू शेवटचा. पुढच्या दोन फेऱ्यांना बसला नाही, आपल्यासारखाच. २००९ मध्ये परत आला. २०१२ मध्ये ६५ देशांत तिन्ही विषयांत पुन्हा शेवटचा. हे सगळ्या देशाला कसं लागलं असेल, याची मी कल्पना करू शकते. पण या वेळी पेरू उठून गेला नाही. गणिताचे गुण ३६८ वरून २०१५ मध्ये ३८७ झाले आणि २०१८ मध्ये ४००. यादीत तो अजूनही खालच्याच भागात आहे. नंबरावरूनच पाहिलं तर पेरूचं काही झालंच नाही. गुणांवरून पाहिलं तर तिथल्या मुलांना आज जास्त येतं. मला पेरूचा हा ४०० सिंगापूरच्या पहिल्या नंबरापेक्षा मोठा वाटतो.

आता आपल्याकडे या. जानेवारी २०१९ मध्ये भारताने पिसाच्या पुढच्या फेरीसाठी ओईसीडीशी करार केला. मी मनापासून खूश झाले होते. मग कोण बसणार ते वाचलं: केंद्रीय विद्यालयं, नवोदय विद्यालयं आणि चंदीगड. नवोदयमध्ये मूल सहावीत प्रवेश परीक्षा देऊन जातं, जिल्ह्यातून निवडून. निवडलेल्या मुलांना पुन्हा परीक्षेला बसवून देशाचा नंबर काढायचा, हे शांघायचंच गणित आहे. नवोदयची मुलं गुणी आहेत, त्यांच्या शिक्षकांचं काम चांगलं आहे, त्यात प्रश्न नाही. पण त्यांच्या गुणांवरून धडगावच्या जिल्हा परिषद शाळेला काय कळणार होतं? शेवटी महासाथीमुळे ती फेरी २०२२ वर गेली आणि आपण तिलाही बसलो नाही. चाचणी नसल्याचं मला वाईट वाटलं, पण त्या निवडीने मिळालेला नंबर आपल्याला भलत्याच समाधानात ठेवून गेला असता.

परदेशी चाचणी नको असं म्हणणाऱ्यांसाठी घरचीच मोजणी आहे. १९९० च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमध्ये माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी 'प्रथम' सुरू केली. तिच्यातूनच २००५ पासून 'असर' हे सर्वेक्षण निघालं. पद्धत इतकी साधी, की गावातल्या कुणालाही कळावी. जिल्ह्यातली तीस गावं, गावातली वीस घरं. कार्यकर्ता घरी जातो, ओसरीवर बसतो आणि मुलापुढे एक कागद ठेवतो. अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाच्या शिक्षणाच्या भाषेत. झेड नाही, पिझ्झा नाही, परदेशी परीक्षक नाही. मूल शाळेत जातं की नाही, याने फरक पडत नाही, कारण मोजणी घरी होते. पिसामध्ये जे मूल गळतं, ते इथे ओसरीवर सापडतं.

असरने २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची पाहणी केली. चौघांमधल्या एकाला आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सरळ वाचता येत नव्हता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं निम्म्यांहून कमी मुलांना जमलं, ४३ टक्क्यांच्या आसपास. हे पिसाच्याच वयाचे आहेत. २०२४ मध्ये ग्रामीण सरकारी शाळांमधल्या पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांना दुसरीचं वाचता आलं. २०२२ मध्ये हेच प्रमाण ३८.५ टक्के होतं, म्हणजे महासाथीत घसरलेली मुलं पुन्हा वर येत आहेत. कुठल्या तरी गावातल्या कुठल्या तरी शिक्षकांनी मान मोडून काम केल्याशिवाय हे होत नाही. या बातमीला नंबर नसल्यामुळे ती आतल्या पानावर गेली.

माझी एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवी शिकवते. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेले होते तेव्हा एका मुलाने वही आणून दाखवली. ७८५ भागिले ६. त्याचं उत्तर होतं भागाकार १३, बाकी ५. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, चुकलं. पुढे काय म्हणायचं ते मला सुचेना. तिला सुचलं. तिने वही स्वतःकडे वळवून घेतली आणि त्याला पायरी पायरीने विचारायला लागली. सातात सहा एकदा गेले, बरोबर. अठरात तीनदा, बरोबर. मग पाच खाली आणले, तेही बरोबर. तीनपैकी तीन पायऱ्या मुलाला येत होत्या आणि चौथी त्याच्या लेखी नव्हतीच. पिसात किंवा असरमध्ये हे उत्तर 'चूक' म्हणून गेलं असतं आणि ते तसंच जायला हवं. पण त्या 'चूक'च्या आत इतकं बरोबर होतं, की ते वहीवर वाकूनच दिसलं असतं.

तमिळनाडू आणि हिमाचलमध्ये २०१० साली जी मुलं त्या चाचणीला बसली, त्यांना त्यांचे गुण कुणी सांगितले नाहीत. पिसा मुलाला प्रगतिपुस्तक देत नाही, देशाला देते. देशाने ते बाजूला ठेवलं. ती मुलं आता तिशी ओलांडून गेली. त्यातल्या कितीतरी जणांची मुलं आज शाळेत जात असतील आणि संध्याकाळी वही घेऊन आईकडे, वडिलांकडे येत असतील.

मैत्रिणीच्या वर्गातला मुलगा ऐकायला तयार नव्हता. "बाई, पाच उरले ना, ते मी बाकीत लिहिलेत की."

"बरोबर लिहिलेस. पण पाचात सहा किती वेळा गेले?"

"गेलेच नाहीत."

"मग ते गेले नाहीत, हे कुठे लिहायचं?"

तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग पेन्सिल उचलून तेराच्या पुढे त्याने एक शून्य काढलं, आधी बारीक आणि मग गिरवून ठळक, आणि पुढचं उदाहरण आपल्या आपण सोडवायला घेतलं.